पंजा दिसला पाहिजे

अनघा मॅडम फोनवर हसल्या, तेव्हाच रंजिताच्या लक्षात आलं की आपलं काहीतरी फार चुकलं आहे.

ती टेकडीवरच्या सेवालाल महाराजांच्या मंदिराच्या ओट्यावर बसली होती. तांड्यात फोनला रेंज मिळायची ती तिथेच. मॅडम पुण्याहून बोलत होत्या. चित्रकथांची पुस्तकं काढणाऱ्या एका छोट्या प्रकाशनाच्या त्या संपादक. रंजिताने काढलेली फुलपाखरं कुठेतरी पाहून त्यांनी तिला एका नव्या चित्रकथेची पहिली चार पानं चाचणी म्हणून दिली होती. गोष्ट सलील नावाच्या लेखकाची होती: विहिरीत बिबट्या पडतो आणि मैना नावाची मुलगी त्याला वाचवते. पानं शाईने पुरी करून, फोटो काढून रंजिताने पाठवली त्याला आठवडा झाला होता.

"चित्रं उत्तम आहेत," मॅडम म्हणाल्या. "पण संवाद?"

"बाजूला लिहिलेत ना, मॅडम. उजवीकडे."

"हो. उजवीकडे, चौकटीच्या बाहेर, पट्टीने रेघा ओढून. बेडकाच्या पचनसंस्थेला नावं देतात तसे."

रंजिताचे कान तापले. यवतमाळच्या कॉलेजात प्राणिशास्त्रात एम.एस्सी. होईपर्यंत तिने आकृत्या काढल्या होत्या त्या एकाच नियमाने. आकृतीच्या अंगावर काहीही लिहायचं नाही. नावं उजवीकडे, रेघा आडव्या, एकमेकींना न छेदणाऱ्या. संवादाचे फुगे नंतर कोणीतरी दुसरं बसवत असेल, आपण फक्त कोण काय बोलतं ते नीट दाखवावं, अशी तिची समजूत. फुगे दुसरं माणूस बसवतं हे खरंच होतं. पण त्यांच्यासाठी जागा चित्रकाराने सोडायची असते, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिच्या चौकटींत बोटभरही जागा मोकळी नव्हती. विहिरीची वीट न् वीट, पाण्याचा तरंग न् तरंग तिने काढला होता.

मॅडमनी मग हसणं थांबवून सांगितलं ते असं. संध्याकाळी बैठक आहे. दुसऱ्या एका चित्रकाराची पानंही टेबलावर आहेत, आणि त्याच्या फुग्यांना जागा आहे. पाच वाजेपर्यंत पहिलं पान फुग्यांसकट आलं तर ते बैठकीत ठेवता येईल. अक्षर मोबाईलवर वाचता आलं पाहिजे. आणि एक गोष्ट पक्की: लेखकाच्या शब्दाला हात लावायचा नाही.

टेकडी उतरताना तिला खाली घराच्या अंगणात तिचा बा, फुलसिंग, दिसला. त्याने फवारणीचा पंप धुवायला काढला होता. दारव्ह्याकडच्या एका आश्रमशाळेत विज्ञान शिकवायची जागा त्यानेच ओळखीने जुळवली होती. शाळेच्या सचिवांना आज संध्याकाळपर्यंत होय की नाही कळवायचं होतं. होय म्हटलं की तिथेच राहायचं, सकाळच्या प्रार्थनेपासून रात्रीच्या हजेरीपर्यंत. त्यात ब्रश हातात धरायला वेळ कुठला, हे रंजिताला ठाऊक होतं, आणि बालाही.

"निघला का बिबट्या बाहेर?" त्याने विचारलं. गेला आठवडाभर तो रोज हेच विचारत होता.

"नाही अजून."

"लवकर काढ. तुया बिबट्यापायी शाळेच्या साहेबाले दोनदा खोटं बोललो मी."

तिने दार लोटून घेतलं. पान नव्याने काढायला वेळ नव्हता. तिने मूळ पान जमिनीवर पसरलं, पांढऱ्या कागदाचे फुगे कापले, त्यांवर सलीलचे संवाद लिहिले आणि एकेक फुगा चित्रावर ठेवून पाहू लागली. अक्षर लहान केलं तर फोटोत वाचता येईना. मोठं केलं तर फुगा वाढे आणि मैनाचं डोकं त्याखाली जाई. सलीलची माणसं बोलायचीही फार. पहिल्या चौकटीत मैना विहिरीत वाकून बघते आणि म्हणते, 'बाबा, विहिरीत बिबट्या पडलाय!' दुसरीत बाप येऊन वाकतो आणि म्हणतो, 'अरे, खरंच की, विहिरीत बिबट्या!'

शेवटी सगळे फुगे बसले. शब्द एकही गळला नव्हता. तिने फोटो काढला आणि मोबाईलच्या पडद्यावर पाहिला. वाचता येत होतं. पण पान भिंतीवर पत्रकं डकवल्यासारखं दिसत होतं. तरी सांगितलं तसं झालं होतं, आणि पाचाला फार अवकाश नव्हता.

तेवढ्यात गंगी, तिची याडी म्हणजे आई, चहा घेऊन आत आली. तिला वाचता येत नव्हतं, पण हे पान तिने पहिल्या दिवसापासून रोज पाहिलं होतं. कप बाजूला ठेवून ती वाकली आणि एका चौकटीवर बोट ठेवलं.

"याचा पंजा कुठं गेला वं?"

"फुग्याखाली आहे, याडी."

"काल त धरून होता थो. बुडला का मंग?"

तिसरी चौकट रंजिताची सगळ्यात लाडकी होती. बिबट्याचं फक्त नाक आणि डोळे पाण्यावर, कान मागे पडलेले, आणि एक पंजा विटांच्या सांध्यात रुतलेला. त्या पंजाची नखं बरोबर यावीत म्हणून तिने कॉलेजच्या संग्रहालयातला सांगाडा पुन्हा जाऊन पाहिला होता. आता त्यावर फुगा होता. फुग्यात मैना म्हणत होती, 'बाबा, बघा, त्याने पंजाने वीट धरली आहे! तो अजून जिवंत आहे!'

तिने फुगा उचलला. पंजा दिसला. परत ठेवला. पंजा गेला आणि वाक्य राहिलं.

याडी गेली. मग एकेका चौकटीपाशी थांबून तिने स्वतःला विचारलं, हे वाक्य काढलं तर काय कळणार नाही? पहिल्या चौकटीतलं काढलं. सगळं कळत होतं. दुसरीतलं काढलं. तिसरीतलंही काढलं. चौथीत बाप म्हणतो, 'मेला तर मरू दे. आपल्या शेळ्या कोणी खाल्ल्या?' हे कुठल्याच चित्रातून कळलं नसतं, ते राहिलं. पाचवीत तो म्हणतो, 'जा, घरातली खाट आण.' सहावीत दोरांना बांधलेली खाट बिबट्याला चढायला विहिरीत उतरताना दिसतच होती, म्हणून तेही काढलं. शेवटी मैनाचं, 'हलू नका कोणी,' तेवढं ठेवलं. अख्ख्या पानावर दोन फुगे उरले. पान श्वास घेऊ लागल्यासारखं वाटलं. तिने पुन्हा फोटो काढला आणि टेकडीकडे निघाली.

मंदिराच्या ओट्यावर ती फोन हातात घेऊन बसली. त्यात आता दोन फोटो होते. एकात सगळे शब्द, एकात दोनच फुगे. दोन्ही पाठवावेत, हे मनात आलं. तसं केलं तर तिच्यावर काही येणार नव्हतं. पण दोन्ही पाठवणं म्हणजे आपल्याला यातलं काही ठरवता येत नाही असं सांगणं. आणि पहिला पाठवला, तो निवडला गेला, तर पुढचं सगळं पुस्तक तिला पंजे झाकत काढावं लागणार होतं.

तिने दुसरा फोटो पाठवला. खाली लिहिलं: 'जी वाक्यं चित्रात दिसतात ती काढली आहेत. न विचारता केलं.'

निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर आलं नाही. खाली तांड्यात कोणाच्या तरी ट्रॅक्टरवर गाणं लागलं होतं. मोबाईलची बॅटरी लाल झाली होती. पाच वाजून गेले. तिने पडदा विझवला, पेटवला, पुन्हा विझवला.

फोन वाजला.

"मी काय सांगितलं होतं?" मॅडमचा आवाज थंड होता.

"शब्दाला हात लावायचा नाही."

"मग?"

"बिबट्याचा पंजा झाकला जात होता, मॅडम."

पलीकडे कोणीतरी फोन मागितला. सलील बोलतोय, असं एका पुरुषाच्या आवाजाने सांगितलं. तिसऱ्या चौकटीतलं काढलेलं वाक्य त्याने तिला वाचून दाखवायला सांगितलं. तिने पहिल्या फोटोतून वाचलं. मोठ्याने वाचल्यावर ते आणखीच लांब वाटलं.

"हे मी का लिहिलं, सांगू?" सलील म्हणाला. "चित्रकाराला पंजा जमणार नाही, हे मी धरूनच चाललो होतो."

रंजिताने श्वास सोडला. पण त्याचं संपलं नव्हतं.

"पाचव्या चौकटीतलं मात्र परत घाला. 'जा, घरातली खाट आण.'"

"पुढच्या चौकटीत खाट दिसते, सर."

"खाट दिसते. बाप बदललेला दिसत नाही. आत्ता हाच माणूस 'मरू दे' म्हणत होता. तो स्वतःच्या तोंडाने खाट मागतो, ते मला ऐकू यायला हवं. तुम्ही तर त्याला पाठमोरा काढलाय."

तिने डोळ्यांसमोर ती चौकट आणली. खरंच, बाप पाठमोरा होता. विहीर पूर्ण दिसावी म्हणून तिने त्याला वळवलं होतं. विटा सगळ्या आल्या होत्या. माणूस राहून गेला होता.

"तिथे फुग्याला जागा नाही," ती म्हणाली. मग लगेच, "चौकट पुन्हा काढते. त्याचा चेहरा इकडे करते. विटा कमी करते."

पलीकडे दोघं आपसात काहीतरी बोलले. दुसऱ्या चित्रकाराचं नाव आलं. मग फोन मॅडमकडे गेला. त्यांनी सांगितलं की पहिलं प्रकरण रंजिताचं. ते उभं राहिलं तर पुस्तक तिचं, नाही तर नाही. आत्ता याहून जास्त शब्द देता येणार नाही. आणि यापुढे एक वाक्य जरी काढायचं झालं तरी आधी फोन करायचा.

"आणि रंजिता, पट्टी कपाटात ठेवून द्या."

ती खाली आली तेव्हा बा अंगणात उभा होता. त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"निघला का?"

"पंजा वर आला, बा. बाकीचा यायचा आहे."

म्हणजे नक्की काय, हे तो विचारणार होता, तेवढ्यात त्याच्या खिशातला मोबाईल वाजू लागला. त्याने तो काढून पाहिला. सचिवांचा होता. रेंज एरवी अंगणात नसते, पण कधी कधी नको तेव्हा येते. तो अंगठा पडद्याजवळ नेऊन थांबला. वर आलेल्या एका पंजाच्या भरवशावर पोरगी लागलेली नोकरी सोडते आहे, हे त्याला कळत होतं, आणि ते त्याच्या कपाळावर सरळ दिसत होतं.

"तिसऱ्यांदा खोटं नाही बोलत मी," तो म्हणाला, आणि फोन तिच्यासमोर धरला. "तूच सांग."

रंजिताने फोन घेतला. बोटांना अजून शाई होती.

"नमस्कार सर, फुलसिंगची मुलगी बोलतेय," ती म्हणाली. "शाळेत मी येत नाही. मला दुसरं काम मिळालं आहे."

कसलं काम, असं तिकडून विचारलं गेलं. बा पंपाची नळी उगाच पुन्हा गुंडाळत होता. त्याचे हात थांबले.

"चित्रं काढायचं," रंजिता म्हणाली.