समुद्राचं कॉलेज, डोंगराचं कॉलेज

कुंतीने दोन्ही फोटो खिडकीशी नेऊन पुन्हा एकदा पाहिले. दोन्ही इमारतींना पुढे दगडी कमानी होत्या, दोन्हीकडे मधोमध झेंड्याचा खांब होता आणि दोन्ही खांबांना एकेक सायकल टेकवलेली होती.

"एकाच मानसाचे दोन फोटो वाटतात," ती म्हणाली आणि भाताकडे वळली.

तिचा नवरा गोवर्धन नुकताच कामावरून आला होता. बेटावरच्या प्लेन मान्येन या त्यांच्या गावाहून विमानतळ हाकेच्या अंतरावर. विमानांच्या पोटात सामान चढवण्यात त्याची अर्धी हयात गेली होती, पण स्वतः तो कधी कुठे गेला नव्हता. आता त्याची एकुलती एक पोर, इंद्राणी, भारतात बी.ए. करायला निघाली होती, तेही मराठीत. गावच्या मराठी मंडळाच्या खटपटीने महाराष्ट्रातल्या दोन कॉलेजांनी तिला घ्यायची तयारी दाखवली होती. देवळाच्या ओसरीवर संध्याकाळचा मराठीचा वर्ग चालवणारे राधाकृष्ण गुरुजी सोमवारी उत्तर कळवणार होते. कोणतं कॉलेज, एवढंच ठरायचं होतं.

आणि तेच ठरेना. दोन्ही कॉलेजं लहान, दोन्ही फक्त कला शाखेची, दोन्हींना मुलींचं वसतिगृह. एकाचे प्राचार्य टकले आणि चष्मेवाले, दुसऱ्याचेही टकले आणि चष्मेवालेच. फरक एवढाच की एक कोकणात समुद्राकाठी होतं आणि दुसरं घाटावर, डोंगरांच्या कुशीत. म्हणून घरात एकाचं नाव समुद्राचं पडलं आणि दुसऱ्याचं डोंगराचं. गावातही तीच नावं चालू झाली, कारण प्लेन मान्येनमध्ये एका घरातली गोष्ट त्या घरातच राहिल्याचं अजून तरी कोणी पाहिलेलं नाही.

ज्याने त्याने आपलं मत देऊन टाकलं. पणजोबा कोकणातून बोटीत बसले होते, तेव्हा पोरीने कोकणातच जावं, असं थोरल्या काकांचं म्हणणं. शेजारच्या बसंतीला डोंगराचं बरं वाटे, तिथे घाम कमी येतो म्हणे. हे तिला कोणी सांगितलं ते तिने सांगितलं नाही.

इंद्राणीला विचारलं तर ती हसायची. लहानपणी आजी जात्यावर ओव्या म्हणायची. त्यातले निम्मे शब्द घरात कोणालाच सांगता यायचे नाहीत, आणि आजी गेल्यावर विचारायलाही कोणी उरलं नाही. ते शब्द तिला शिकायचे होते, मग परत येऊन शिकवायचे होते. कुठे शिकायचे याचं तिला काही नव्हतं.

"बाबा, मेम झाफेर," ती म्हणायची. "दोनी सारखीच. तुमी सांगा, मी जाते."

तुमी सांगा, म्हणे. गोवर्धनच्या डोक्यात मात्र कॉलेज नव्हतंच. त्याच्या डोक्यात समुद्र होता. समुद्राच्या गावी गेली तर पोरीला आपलं बेट आठवणारच नाही, तिथेच रमेल. डोंगरात गेली तर समुद्रावाचून जीव कासावीस होईल आणि शिकून झाल्याबरोबर पळत येईल. असं म्हणून तो डोंगराकडे कलायचा. मग रात्री कूस बदलताना वाटायचं, एवढी कासावीस व्हायची असेल तर तिला पाठवायचीच कशाला? तिथे तो अडायचा. खरं सांगायचं तर पोर जायलाच नको होती त्याला. हे तो कोणापाशी बोलला नव्हता.

शेवटी तो म्हणाला, "देवीला कौल लावू."

हे त्याच्या घराण्याचं काम. उसाच्या शेताकडेला पत्र्याच्या छपराचं लहानसं देऊळ आहे. आत काळ्या दगडाची देवी. तिच्या दोन्ही खांद्यांवर पाण्याने जास्वंदीची एकेक पाकळी चिकटवायची, प्रश्न विचारायचा आणि वाट पाहायची. पाकळी कोणत्या बाजूची आधी पडते, ते देवीचं उत्तर. दोन्ही चिकटूनच राहिल्या तर देवीची मर्जी नाही; मग विचारलेली गोष्ट सोडून द्यायची. गाय विकायची की ठेवायची, पेती राफ्रे गावचं स्थळ पत्करायचं की नुव्हेल फ्रांस गावचं, असे गावचे कितीतरी गुंते गोवर्धनने त्या दोन पाकळ्यांवर सोडवले होते. त्याचा बाप एक गोष्ट बजावून गेला होता, की आपल्या घरचा कौल आपण लावू नये. पण गावात दुसऱ्या कोणाला ते येत नव्हतं, आणि सोमवार जवळ आला होता.

रविवारी सकाळी देवळात बरीच मंडळी जमली. राधाकृष्ण गुरुजींचा कौलावर विशेष विश्वास नव्हता, तरी तेही चपला काढून आत येऊन बसले. इंद्राणी आईची पिवळी साडी नेसली होती. उजवी पाकळी समुद्राची, डावी डोंगराची, असं गोवर्धनने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. मग वाटीत बोटं बुडवून त्याने पाकळ्या लावल्या, हात जोडले आणि बाजूला झाला.

पाकळ्या हलेनात. बाहेर वारा होता, उसाचे तुरे एकसारखे वाकत होते, पण देवीच्या खांद्यांवर सगळं शांत. कोणी खाकरलं, कोणी मांडी बदलली. थोरल्या काकांना डुलकी लागली आणि ते जागेही झाले. पाकळ्या तशाच. हळूहळू लोक एकमेकांकडे पाहू लागले. पहिल्यांदा बसंती बोलली. "देवीच्या मनात नाय वाटतं," ती हलकेच म्हणाली, आणि दोनचार माना हलल्या.

इंद्राणीने पदर दोन्ही मुठींत धरला. देवी नको म्हणाली तर ती जाणार नव्हती. हट्ट करणारी पोर नव्हतीच ती. गोवर्धनने तिच्याकडे पाहिलं आणि जमिनीकडे पाहू लागला. आपल्याला हायसं वाटतंय हे त्याला कळलं, आणि त्याची त्याला लाज वाटली.

तेवढ्यात बायकांमधून कुंती उठली.

"पानी जास्ती झालंय," ती म्हणाली. आवाज चढा नव्हता. भातात पाणी जास्त झालं तर सांगावं, तसं सांगितलं तिने. "आज यांनी हात पुसला नाय. मी लावते."

बाईने कौल लावल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. काकांनी तोंड उघडलं, पण गोवर्धन काहीच म्हणत नाही हे पाहून मिटलं. कुंतीने दोन्ही पाकळ्या काढल्या, देवीचे खांदे फडक्याने टिपले. मग नवऱ्याला इतकी वर्षं जसं करताना पाहिलं होतं तसंच केलं. वाटीत बोटं बुडवली, तळवा पदराला नीट पुसला, आणि बोटांच्या टोकांना उरलेल्या ओलीवर दोन नव्या पाकळ्या टेकवल्या. ती मागे सरून बसते न बसते तोच उजवी पाकळी सुटली आणि देवीच्या पायाशी पडली.

"समुद्राचं," राधाकृष्ण गुरुजी म्हणाले, आणि त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. कौलावर विश्वास नसूनही.

घरी जाताना इंद्राणी मैत्रिणींबरोबर पुढे गेली. मागून दोघं नवरा-बायको उसाच्या कडेने चालत होते.

"मी मुद्दाम नाय केलं," गोवर्धन म्हणाला. मग थांबून म्हणाला, "केलं का काय, पा कोने. माझं मलाच ठाव नाय."

"मला ठाव हाय," कुंती म्हणाली. "मला बी ती जायला नको हाय."

"मग?"

"मग काय. पोर देवीला इचारीत व्हती. तुमाला नाय, मला बी नाय."

घर येईपर्यंत गोवर्धनने रस्त्याकडेचं गवत उगाच तोडत नेलं.

जूनमध्ये मुंबईचं विमान लागलं. त्या दिवशी गोवर्धनला रजा मिळत होती, पण त्याने घेतली नाही. निरोप द्यायला सगळं गोत विमानतळावर लोटलं होतं. गच्चीवर बायका रडत होत्या, काका उगाचच कोणाला तरी रागावत होते. गोवर्धन खाली होता, खाकी कपड्यांत. सकाळी घरीच पोरीने त्याच्या पायांवर डोकं ठेवलं होतं, तेव्हा तो एवढंच म्हणाला होता, "लामेरात, समुद्राच्या पान्यात, फार आत जाऊ नको. तिथला समुद्र आपल्या वळखीचा नाय."

गाडीवर सामानाचा डोंगर आला, त्यात इंद्राणीची निळी पत्र्याची पेटी होती. नाव त्यानेच रंगवलं होतं. पेटी हाताला लागली तेव्हा त्याने ती बाजूला ठेवली. पुन्हा पुन्हा मध्ये आली, तरी बाजूलाच ठेवत राहिला. बरोबर काम करणारा देवानंद बघत होता. ज्याचं सामान शेवटी चढतं त्याचं आधी उतरतं, हे त्या दोघांना माहीत होतं. मुंबईला पोर एकटी असणार. परक्या माणसांच्या गर्दीत तिला पेटीसाठी ताटकळावं लागू नये.

सगळं सामान आत गेलं. मग गोवर्धनने पेटी उचलली, स्वतः विमानाच्या पोटात शिरला आणि दारालगत ती उभी करून ठेवली, नाव बाहेरच्या बाजूला. पट्टा आवळला. आवळून झाल्यावरही त्याचा हात पेटीवरच होता. आत अंधार होता आणि फार उकडत होतं.

"चल, गोवर्धन," देवानंदने खालून हाक मारली. "फेर्म लापोर्त."

दार लावायचंच होतं. गोवर्धन खाली उतरला. त्याचा तळवा घामाने ओला झाला होता. त्याने तो पँटीला नीट पुसला, दोन्ही बाजूंनी, आणि मग दार लावलं.