मागावरचा आवाज

गुरुवार, ६ फेब्रुवारी २०२५, सायंकाळी साडेपाच. वर्गात उपस्थिती सात. यंत्रमाग कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून मी सोलापूरच्या पूर्व भागात, घराच्या पुढच्या खोलीत इंग्रजी संभाषण शिकवतो. पदविका यंत्र अभियांत्रिकीची असल्याने पद्धत ठरलेली आहे: आधी वाक्प्रचार, मग अर्थ, मग चाचणी. त्या दिवशी फळ्यावर होते ‘कीप युवर कूल’, म्हणजे ताणातही डोके शांत ठेवणे.

ते महेश्वरीसाठी मुद्दाम निवडले होते. फोनवर ग्राहकांच्या तक्रारी सोडवण्याच्या नोकरीसाठी तिने चाचणी दिली होती. हवे होते साठ गुण, मिळाले एकेचाळीस. शेरा होता: ‘ओरडते. दबाव सहन होत नाही.’ सोमवारची फेरचाचणी ही तिची शेवटची संधी होती.

मी संतापलेला ग्राहक झालो आणि टेबलावर हात आपटला. “तीन दिवस माझा फोन बंद! तुम्ही काय झोपा काढता?”

महेश्वरीने आवाज एकदम खाली आणला. “सर,” ती एकेक शब्द तोलत म्हणाली, “आय ॲम कीपिंग माय कूल.”

पुढे बसलेली मुले मागे सरकली. मीसुद्धा खुर्ची मागे सरकवली.

“अगं आई गं, ही आता सरांना मारतीय की!” तिच्या शेजारचा विद्यार्थी रत्नदीप म्हणाला.

“मग काय करू?” महेश्वरी नेहमीच्या खणखणीत आवाजावर आली. “आमच्या घरात चार माग. दिवसभर ओरडूनच बोलावं लागतंय. पण आमचे वडील माग बंद करून हळू बोलायला लागले, की समजायचं, आज कुणाची खैर नाही. मी हळू बोलले की मला रागच चढतो, सर!”

मी फळ्यावरचा अर्थ पुन्हा वाचला. त्यात आवाजाविषयी काहीच नव्हते.

“मग आवाज उतरवू नकोस,” मी म्हणालो. “फक्त घाई करू नकोस आणि समोरच्याचे बोलणे तोडू नकोस.”

“सर, हिला फोन तरी कशाला?” रत्नदीप म्हणाला. “गच्चीवरून बोलली तरी पुण्याला ऐकू जाईल.”

“जाऊ दे की. पुण्यात गिऱ्हाइकं नाहीत काय?”

सोमवारी मी फेरचाचणीच्या कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसलो होतो. दार बंद असूनही तिचा शब्दन्‌शब्द ऐकू येत होता. परीक्षक दिग्विजय सर ग्राहक बनून इंग्रजीत कडाडत होते. तिने तक्रार पूर्ण ऐकली आणि उपाय सांगितला. आवाज उतरला नाही, वेगही वाढला नाही.

“मॅडम, हळू बोला! चिडलात का?” ते मराठीवर आले.

“नाही सर. मी चिडले की हळू बोलते. हा आमचा मागावरचा आवाज आहे.”

“नोकरी हवी असेल तर तो बदलावा लागेल.”

“आवाज नाही बदलणार, सर. काम तपासा. तुमचा फोन उद्या अकरापर्यंत सुरू होईल. आणखी काही तक्रार?”

मग दिग्विजय सरांनी दुसऱ्या ग्राहकाचा संताप सुरू केला, पहिल्याहून मोठ्याने. महेश्वरीने तोही त्याच पट्टीत पेलला.

दुपारी निकाल लागला: शंभरपैकी अडुसष्ट.