सागवानी दाराचा एकटा चोर

इंझोरीत होळीची चोरी ही चोरी नसते. कोणाची बाज जाते, कोणाचं कुंपण जातं. मालकानं दोन शिव्या द्यायच्या नि त्याच जाळावर हात शेकायचे, ही रीत. पण एकसष्ट साली नानाजी पाटलाचं सागवानी दार होळीत गेलं आणि अख्ख्या वऱ्हाडात पहिल्यांदा कोणी होळीवर फिर्याद ठोकली. दार असं जड, की ते उघडायला पाटलीणबाई बैल जुंपायची.

उचललं चौघांनी. त्यातला एक खांदा नानाजीच्याच पोराचा, जगदेवचा. फिर्यादीत मात्र नाव एकट्या जानराव गवंड्याचं. दंड भरून जानराव ते विसरूनही गेला.

सरकार विसरलं नाही. सोळा वर्षांनी मस्कतहून गवंडीकामाचं बोलावणं आलं. जानरावनं थापी-ओळंबा घासून ठेवला, पासपोर्टाचा अर्ज केला आणि चौकशीसाठी ठाण्यात जाऊन उभा राहिला.

हवालदारानं रजिस्टर उलटलं. "चोरी हाये तुह्या नावावर."

"होळीची हाये, सायेब."

"मस्कतवाल्याईले होळी समजते का? कागदावर दार हाये. चार मणाचं. एकट्यानं नेलं?"

"तसं लिवलं हाये का?"

"लिवलं हाये."

"मंग नेलं असन."

जानराव तिथून थेट नानाजीकडे गेला. "पाटील, ते होळीचं व्हतं, चोरी नव्हती, एवढं लिवून द्या. माह्यं जानं अडून राह्यलं."

"कोर्टाले खोटं पाडू का मी?" नानाजी पान चघळत म्हणाला. "अन् आमचा जगदेव बी मस्कतले चालला. त्याची चवकशी चालू हाये. उगी जुनं उकरू नको. चोराईले तिकडं कोन घेते बाप्पा?"

जानरावचा अर्ज नामंजूर होऊन आला, त्याच आठवड्यात होळी होती. संध्याकाळी सगळ्या गावासमोर त्यानं नानाजीचं नवं दार बिजागरीतून उपसलं नि एकट्यानं पाठीवर घेतलं. पोरं मदतीला धावली.

"हात लावू नका रे," तो म्हणाला, "पाटलाचा कागद खोटा पडन."

दार होळीत टाकून तो नानाजीच्या ओट्यावर येऊन बसला. "लिवा फिर्याद, पाटील. आता एकट्यानंच नेलं. जुनं रजिस्टर बी काढू. त्या पह्यल्या दाराले किती खांदे व्हते, थे मी सांगतो हवालदाराले."

नानाजीनं जगदेवकडे पाहिलं. जगदेव जमिनीकडे पाहत होता.

मग नानाजीनं रीतीप्रमाणे दोन शिव्या दिल्या आणि होळीवर हात शेकायला गेला.