कॅप्टन वीतभरचा उरलेला भाग

"तर गोंद्याने अख्खं शहर चिकटवून टाकलंय," आई फोनवर सांगत होती. "बसमधली माणसं सीटला चिकटली. न्हावी गिऱ्हाइकाच्या डोक्याला चिकटला. एक बाई दाराची कडी लावायला गेली, ती तिथेच. ऐकतेयस ना?"

"हं."

"मग मोठमोठे वीर आले धावून. आकाशातून धाडधाड उतरले, आणि उतरले तसेच चिकटले! तो एक नाही का, नेहमी गुडघा टेकून ऐटीत उतरतो? तो तसाच. गुडघा टेकून. दिवसभर!" पुढचं तिला हसण्यामुळे सांगता येईना. "मग मोकळा राहिला कोण?"

"हं."

"अगं, हं काय? वीतभर! तो जमिनीला लागतोच कुठे!"

रविवारची सकाळ होती. फोन स्पीकरवर टाकून मी पेनांच्या डब्याला टेकून ठेवला होता आणि समोर एका कादंबरीची मुद्रितं होती. मी पुस्तकांचं संपादन करते. दुसऱ्यांच्या गोष्टी कुठे रेंगाळतात, कुठे घसरतात, हे शोधून समासात लिहायचं, हे माझं काम. आई गोष्ट मधूनच सुरू करायची, मागे जायची, मध्येच स्वतः हसायची. मी एकदा तिला म्हटलं होतं, "आई, गोष्टीला सुरुवात असते." ती म्हणाली, "असते ना. पण सुरुवातीला कोणाला हसू येतं?"

आई एका इस्पितळाच्या डायलिसिस विभागात मावशी होती. चादरी बदलायच्या, आलेल्या माणसाचं वजन करायचं, पाणी मोजून पिणाऱ्यांना चघळायला बर्फाचा खडा द्यायचा, पायात गोळा आला की तळवा दाबून धरायचा. सोमवार, बुधवार, शुक्रवार, दुपारी एक ते पाच. चार तास एक हात न हलवता खुर्चीत पडून राहायचं. त्यातला शेवटचा तास सगळ्यांत वाईट, असं ती सांगायची. पाय वळायला लागतात, डोकं दुखतं, घड्याळ पुढे सरकत नाही, आणि जो तो म्हणतो, "आज अर्धा तास आधीच काढा." तसं काढलं की अंगात पाणी राहतं, आणि दोन दिवसांनी तो माणूस धापा टाकत येतो.

त्या तासासाठी आईने कॅप्टन वीतभर शोधून काढला होता. ही एक विनोदी कार्टून मालिका. तिचा नायक उडतो, पण जमिनीपासून फक्त वीतभर उंच. स्टुलांना धडकतो, उंबरठ्याला अडखळतो. शुक्रवारी संध्याकाळी नवा भाग लागायचा, आणि त्या वेळी आईचे पेशंट घरी जाऊन गळून झोपलेले असायचे. मग तो भाग ती त्यांना सोमवारी सांगायची, चार वाजता, शेवटचा तास सुरू झाला की. आणि रविवारी त्याची तालीम माझ्यासमोर व्हायची. पाच वर्षं, दर रविवारी.

"मग वीतभर पोचला गोंद्याच्या अड्ड्यात," आई म्हणाली. "बघतो तर काय, गोंद्या स्वतःच स्वतःच्या खुर्चीला चिकटलेला! हातसुद्धा चिकटलेले. वीतभर त्याच्यासमोर उभा राहिला. म्हणजे तरंगत. आणि आता बघ हं, खरी मजा—"

"आई, मला हे आजच पाठवायचंय गं. उरलेलं उद्या सांगशील?"

"बरं बरं. उद्या निघायच्या आधी करते फोन." मग तिने नेहमीचा प्रश्न विचारला. "पण नीट कळतंय ना? कुठे लांबत नाही ना?"

"नाही गं. छान आहे."

सोमवारी सकाळी तिच्याच नंबरवरून फोन आला. मी म्हटलं, "आई, पाच मिनिटांत करू?" पलीकडे शेजारच्या काकू होत्या. आई कामावर न्यायची बाटली भरताना नळापाशी कोसळली होती. काकूंनी जाऊन नळ बंद केला, तोवर सगळं संपलं होतं.

पुढचे दोन आठवडे मी तिचं घर आवरलं. तिचं कपाट, औषधांचे रिकामे डबे, प्लास्टिकच्या पिशव्यांनी भरलेली एक प्लास्टिकची पिशवी. येणारे-जाणारे यायचे, "सुटली बिचारी, हाल झाले नाहीत," म्हणायचे. मी हो म्हणायचे. एका दुपारी तिच्या टीव्हीवर मी तो भाग शोधून काढला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला. मग पुन्हा पाहिला. तिसऱ्यांदा पाहताना मी शेजारी वही घेऊन बसले. हसू मात्र एकदाही आलं नाही. आईने सांगितलेल्या अर्ध्या भागात जे हसण्यासारखं होतं, त्यातलं बरंचसं पडद्यावर नव्हतंच. न्हावी होता, पण तो नुसता चिकटलेला होता. दाराची कडी लावणारी बाई तर कुठेच सापडली नाही.

इस्पितळात मी गेले ती आईचे दोन गणवेश आणि लॉकरची किल्ली परत करायला. सोमवार होता, साडेतीन वाजून गेले होते. आईच्या बोलण्यात नेहमी येणाऱ्या, खिडकीजवळच्या तीन खुर्च्या मी न विचारता ओळखल्या. निवृत्त भूगोलाचे मास्तर, चष्मा कपाळावर चढवलेला. मशीनवर बसल्याबसल्याही मोकळ्या हाताने चादरीची शिवण तपासणाऱ्या टेलरबाई. आणि त्या दोघांमध्ये आडवा पसरलेला ट्रकड्रायव्हर, ज्याचे पाय खुर्चीत मावत नव्हते. आता त्या पायांवर सूज होती.

"हा ड्रायव्हरदादा," सिस्टर मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाल्या, "मावशी गेल्यापासून एकदाही पूर्ण चार तास बसलेला नाही. चार वाजले की कागद मागतो. स्वतःच्या जबाबदारीवर उठतोय म्हणून सही करतो आणि जातो. शुक्रवारी घरी जाताना जिन्यातच बसला. असंच चाललं तर एक दिवस अॅम्ब्युलन्समधूनच येईल. सांगून सांगून माझी जीभ झिजली."

"मग आई काय करायची?" मी विचारलं.

"मावशी काहीच सांगायच्या नाहीत. फक्त म्हणायच्या, जायचं तर जा बाबा, पण मग वीतभरचं काय झालं ते बुधवारी विचारू नकोस."

घड्याळात चारला पाच कमी होते. ड्रायव्हरने मोकळा हात वर केला. "सिस्टर, कागद आणा. मास्तर, तुमचं पेन द्या."

"पेनमधली शाई संपली," मास्तर म्हणाले.

"कालपर्यंत तर होती!"

"काल मी इथे नव्हतो, तूही नव्हतास. थापा मारू नकोस."

मी किल्ली सिस्टरच्या टेबलावर ठेवली. मला निघायचंच होतं. पण पाय तिकडे वळले. चाकांचं छोटं स्टूल आईचंच असणार, त्याची गादी चिकटपट्टीने दुरुस्त केलेली होती. मी ते ओढलं आणि त्या तिघांसमोर बसले.

"मी मावशींची मुलगी," मी म्हणाले. "त्यांचा एक भाग सांगायचा राहिलाय. मला येतो."

टेलरबाईंनी चादर सोडली.

"शहर चिकटलं तोच का?" ड्रायव्हरने विचारलं. "त्या शेवटच्या शुक्रवारी मावशी म्हणाल्या होत्या, जाहिरातीत दाखवलंय, सगळे चिकटणार आहेत म्हणून. मोबाईलवर बघ म्हणाला माझा भाऊ. पाहिलं नाही. मागे एकदा पाहिलेलं तसं. त्यात काही दम नाही."

मी वही उघडली आणि सुरुवातीपासून सुरू केलं. "प्रोफेसर विस्कोसाने शहराच्या जलवाहिनीत एक द्रव—"

"कोण?" टेलरबाई म्हणाल्या.

"प्रोफेसर विस्कोसा. खलनायक."

"आमच्याकडे असला कोणी नाही," ड्रायव्हर म्हणाला. "मास्तर, तुम्ही ओळखता का या माणसाला?"

"नाव ऐकलेलं नाही," मास्तर गंभीरपणे म्हणाले.

"गोंद्या," मी म्हणाले.

"हां! मग गोंद्या म्हणा ना, ताई. घाबरवलंत."

मी वही मिटली. न्हाव्यापासून सांगायला लागले. गुडघा टेकून बसलेल्या वीरापाशी आले तेव्हा टेलरबाईंना असा ठसका लागला की त्यांचं मशीन टीं टीं वाजायला लागलं आणि सिस्टर धावत आल्या. "हात हलवू नका, बाई!" "मी कुठे हलवला, तो हलला!" कडी लावणारी बाईही मी सांगितली. ती पडद्यावर नसली तरी माझ्याकडे होती. वीतभरची आत्या अदृश्य होऊ शकते पण तिचा खोकला लपत नाही, हे मला मालिका पाहून कळलं होतं. या तिघांना ते पाच वर्षांपासून ठाऊक होतं. आत्या आली की ते खोकलायचे. तिघं एकदम, अगदी वेळेवर. बहुधा ही त्यांची जुनी सवय होती.

घड्याळाकडे मी एकदाच पाहिलं. सव्वाचार. ड्रायव्हरने कागदाची आठवण काढली नव्हती.

"हे मात्र मावशींनी काढून टाकलं असतं," वीर एकमेकांशी भांडतात तो प्रसंग मी सांगत असताना टेलरबाई म्हणाल्या. "लांबतंय थोडं. रागावू नका हं, ताई."

"काढून टाकलं असतं म्हणजे?"

"तुम्हीच तर काढायचात ना!" त्यांना माझ्या विचारण्याचं नवल वाटलं. "मावशी सांगायच्या की, माझी मुलगी पुस्तकं दुरुस्त करते. आधी तिला ऐकवते. ती हं म्हणाली की समजायचं, हे चांगलं. ती गप्प झाली की तेवढा तुकडा काढायचा. तिच्या पुढे काही बोलायचं काम नाही, म्हणायच्या. ती उगाच हं म्हणत नाही."

"म्हणून त्यांचे भाग इतके आटोपशीर असत," मास्तर म्हणाले. "श्रेय तुम्हालाच."

माझ्या गप्प बसण्याचे अर्थ मला ठाऊक होते. कुठे वाक्यातलं क्रियापद हरवलेलं असायचं. कुठे लेखकाला विचारायचा प्रश्न मी समासात लिहीत असायचे. त्या जागी आई बापडी आपल्या गोष्टीतलं काहीतरी उचलून बाजूला ठेवत होती. काय काय ठेवलं असेल? पाच वर्षं, दर रविवारी.

"ताई," ड्रायव्हर म्हणाला, "तुम्ही थांबलात. वीतभर गोंद्यासमोर तरंगतोय."

"हो. तरंगतोय." मी स्टूल थोडं पुढे ओढलं. "गोंद्या म्हणाला, उतारा हवाय ना? मिळणार नाही. वीतभर म्हणाला, बरं. मग गोंद्याचं नाक खाजायला लागलं. हात तर चिकटलेले. तो नाक मुरडतो, फुंकर मारतो, खांद्याला घासायला जातो. जमत नाही. वीतभरला वाटलं असतं तर त्याने सौदा केला असता, आधी उतारा सांग, मग खाजवतो. पण त्याच्या डोक्यात ते आलंच नाही. तो पुढे झाला आणि त्याने नाक खाजवून दिलं."

"खुळा आहे," ड्रायव्हर खूश होऊन म्हणाला.

"गोंद्याने डोळे मिटले. म्हणाला, जरा डावीकडे. खाली. हां, तिथे. आणि त्या सुखात तो बोलून गेला: गार चहा. गोंद सुटतो तो फक्त गार चहाने. आणि शहरात सगळ्यांच्या शेजारी अर्धा अर्धा कप गार चहा होताच! कारण पिता पितानाच चिकटले होते सगळे!"

मास्तर असे हसले की कपाळावरचा चष्मा नाकावर आला. पलीकडच्या रांगेतल्या दोन अनोळखी खुर्च्यांमधूनही हसू आलं. आणि मलाही आलं, त्या भागावर पहिल्यांदाच. मग वीतभर घरोघर जाऊन चहा कसा ओततो, गुडघ्यावरच्या वीराला सगळ्यांत शेवटी का सोडवतो, हे मी सांगत राहिले. काहीही गाळलं नाही. लांबलं. कोणी तक्रार केली नाही.

पाचला सिस्टरनी ड्रायव्हरच्या सुया काढल्या. सुईच्या जागेवर कापूस ठेवून दहा मिनिटं दाबून धरावं लागतं, मधे उचलून बघायचं नसतं. सिस्टरना पुढच्या खुर्चीवर जायचं होतं. त्यांनी मला हातमोजे दिले. "धराल?" मी अंगठा ठेवला. कापसाखाली त्याची नाडी लागत होती.

"पुढच्या सोमवारी येणार ना?" त्याने विचारलं. "मधे दोन भाग झालेत. नाहीतर मला परत मास्तरांची शाई शोधावी लागेल."

"येईन. पाच वाजेपर्यंत बसणार असाल तर."

"बसतो की. जातो कुठे."

मास्तर पलीकडून मान वळवून बघत होते. "एक विचारू का? मावशींनी जे काढून टाकलं, त्यातही काही चांगलं असेलच. आम्हाला ते कधी मिळालं नाही. सगळं ऐकलेल्या तेवढ्या तुम्हीच. आठवेल तसं सांगा कधीतरी."

अंगठा उचलायचा नव्हता. मी तो आणखी घट्ट धरला.

"मास्तर," मी म्हणाले, "मी ऐकत नव्हते. ती सांगायची, मी हं म्हणायचे, आणि मी ऐकत नव्हते."