राखेने घासलेली काच

मी एक जुनी दुर्बीण आहे, मित्रांनो. एकाच नळीची, एकाच डोळ्याला लावायची. तसं माझं वय फार नाही. पण मला जुनी करून टाकणाऱ्यांविषयी बोलताना माझी जीभ जरा कडू होते, तेवढं सांभाळून घ्या.

मला कुंडलिकने पुण्यातल्या एका दुकानातून निवडून आणलं. तो वेल्ह्याजवळच्या एका वाडीचा. सुट्टीत येणाऱ्या पाहुण्यांना तोरण्याच्या वाटा दाखवणं हा त्याचा धंदा. दुकानदाराने आधी एक लांबलचक नळी पुढे केली आणि ती चाळीस पट मोठं दाखवते म्हणून तिचे गोडवे गायले. कुंडलिक ती घेऊन पायरीवर गेला आणि रस्त्यापलीकडची पाटी वाचू लागला. अक्षरं नुसती नाचत होती. हात जरा हलला की पाटीच गायब. मग त्याने मला डोळ्याला लावलं. मी आठच पट मोठं दाखवते, पण स्थिर दाखवते. माझी पुढची काच रुंद, त्यामुळे तिन्हीसांजेलाही वाट उजळ दिसते.

"हीच द्या," तो म्हणाला. "एका हातात काठी, एका हातात ही. डोंगरात तिसरा हात कुठनं आणू?"

त्या दिवशी मला त्याचा अभिमान वाटला होता. पुढची दोन वर्षं माझी चैनच होती. पुढची वाट ढासळली आहे का, धुकं कुठवर उतरलं, मागे राहिलेला पाहुणा कोणत्या वळणावर बसला आहे, सगळं तो मला विचारायचा.

मग एका खंडेनवमीला त्याच्या आईने, साळूबाईने, पाटावर विळा, कोयता आणि फावडं मांडलं आणि शेजारी मला बसवलं. पोराच्या पोटापाण्याचं हत्यार ना मी! तिने तेलात कालवलेलं कुंकू थेट माझ्या काचेवर लावलं. तेच माझं कपाळ समजली बिचारी. दुसऱ्या दिवशी ते पुसता पुसेना, तेव्हा तिने मला पितळी तांब्यासारखं राखेने आणि काथ्याने घासलं. माझं कडं लख्ख झालं. काचेवर मात्र ओरखड्यांचं जाळं पडलं.

कुंडलिकने मला डोळ्याला लावलं, आईकडे पाहिलं आणि म्हणाला, "चालतंय की."

त्याच्या मोबाईलला केसभर ओरखडा पडता, तर त्याने घर डोक्यावर घेतलं असतं. ऊन पाठीशी असलं की मी अजून नीट दाखवायचे, पण समोर आलं की सगळं दुधाळ व्हायचं. हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पुण्याला दाखवून आणतो, आणतो म्हणत त्याने दिवस ढकलले.

थंडीत एका संध्याकाळी म्हशी एकट्याच गोठ्यावर आल्या. साळूबाई मागे नव्हती. कुंडलिक धावत वरच्या माळावर गेला. समोर दोन घळी होत्या आणि त्यांच्या डोक्यावर मावळता सूर्य. त्याने मला डोळ्याला लावलं, पुसलं, पुन्हा लावलं. मी त्याला उन्हाचं पांढरं धुकं दाखवलं. दुसरं काही दाखवणं माझ्या हातात राहिलंच नव्हतं. तो अंदाजाने उजव्या घळीत उतरला आणि तिथे शोधता शोधताच काळोख पडला.

साळूबाई डाव्या घळीत पाय मोडून पडली होती. सकाळी गवत कापायला गेलेल्या बायकांना ती सापडली. पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

यंदा खंडेनवमीला तिने बसल्या जागी पाट मागवला.

"गेल्या साली माजी पूजा कमी पडली," ती कुंडलिकला म्हणाली. "म्हून रुसली ही. मी पदर हालवत हुते, पर हिनं तुला मी दावलीच न्हाई. आवंदा लई कुंकू लावते."

कुंडलिक दारात उभा होता. आता तरी बोल, असं मी मनातल्या मनात विनवत होते.

"व्हय आई," तो म्हणाला. "लाव."

आणि तिने माझी काच कुंकवाने भरली.

मित्रांनो, कामाच्या वस्तूची पूजा करा, माझी हरकत नाही. पण आधी तिला मऊ फडक्याने पुसा. आणि आपल्या माणसाचं काही चुकलं, तर वेळीच त्याला सांगा. साळूबाईला अजून कोणी सांगितलेलं नाही.