नीबियाच्या झाडाचा वास

आदेमार पीरिसच्या झाडाला वास नाही, असा ठराव साल्तोच्या गांजा-क्लबने गुरुवारी दुपारी पाच विरुद्ध शून्य मतांनी मंजूर केला. ठराव क्लबची वही सांभाळणाऱ्या मिल्तोनने मांडला. अनुमोदनही त्यानेच दिलं आणि वहीत बरं दिसावं म्हणून तिथे ओरिबेचं नाव घातलं.

"पुन्हा हुंगा," आदेमार म्हणाला. "देठ बोटांत चोळा, मग हुंगा."

"चार वेळा चोळला, गड्या," मिल्तोन म्हणाला. " बरणीतली वाळकी बोंडंही हुंगली. आता झाडालाच लाज वाटायला लागली असेल."

"संत्र्याची साल. सोलताना डोळ्यांत उडते ना, ती."

"संत्र्याला वास असतो, असं आम्ही ऐकून आहोत," ओरिबे म्हणाला.

त्यात थट्टा नव्हती. पाचही जणांचा जन्म संत्री धुण्यात, निवडण्यात आणि पेट्यांत भरण्यात गेला होता. लसूण, कांदा, शेजारच्या घरातलं करपलेलं मटण, सगळं त्यांना शंभर पावलांवरून कळायचं. संत्र्याला मात्र त्यांच्या नाकांनी कधीच कायमची रजा देऊन टाकली होती.

क्लबला कायद्याने नव्व्याण्णव झाडं ठेवता येतात. जागा एकच उरली होती, आणि मिल्तोनला तिथे लसणीच्या वासाची एक जात लावायची होती. इकडे शनिवारच्या बसने आदेमारची मुलगी त्याला मोंतेविदेओला नेणार होती. सहावा मजला, गॅलरी नाही, आणि जावई तुळशीएवढं रोप पाहिलं तरी शिंकतो. क्लबने झाड ठेवलं नाही, तर ते उकिरड्यावर जाणार. बी धरून ठेवण्यातही अर्थ नव्हता. झाड संकराचं होतं: उंच, किडकिडीत, डोकं दिवसभर जागं ठेवणाऱ्या बापाचं आणि बुटक्या, गच्च, अंग सैल सोडणाऱ्या आईचं. बियांतून त्याची भावंडं निघतात, ते स्वतः निघत नाही. त्याला जगवायचं तर त्याचीच फांदी कापून लावायची, आणि त्यासाठी ते आधी कुठेतरी जिवंत पाहिजे.

"अकरा वर्षं घातली मी याच्यात," आदेमार म्हणाला.

"ते मान्य. तुला स्वतःला येतो का रे वास?" ओरिबेने सहज विचारलं.

आदेमारने कुंडी जरा सरळ केली. ती सरळच होती.

चौतीस वर्षं तो संत्र्यांच्या गोदामात, फळांना मेण चढवणाऱ्या यंत्रावर होता. वास यायचा तो त्याच्या बायकोला, नीबियाला. ती समुद्रकाठच्या कोळ्यांतली. लग्न करून साल्तोला आली तरी शेवटपर्यंत गोदामात पाऊल ठेवलं नाही. दर मार्चात बोंडांवर पांढरं दव चढलं, नारिंगी केस आले की ती डोळे मिटून ओळीतून फिरायची आणि एकाच झाडाला निळी लोकर बांधायची. बाकीची तो उपटायचा. अकरा वर्षं त्याने त्या लोकरीच्या भरवशावर जात घडवली. गेल्या हिवाळ्यात नीबिया गेली.

"म्हणजे नाही येत," मिल्तोन म्हणाला. त्याचाही आवाज जरा उतरला. "हे बघ, सहाला वही बंद करतो. तोवर एक माणूस आण, ज्याला वास आला. एकच पुरे."

आदेमार कुंडी कवटाळून निघाला. पाद्रीबाबांकडे गेला; बाबांनी भक्तिभावाने हुंगलं आणि आपण गोदामाच्या मागच्या चाळीत जन्मलो, असं कबूल केलं. औषधवाल्या बाई "येतो की, छान येतो" म्हणाल्या. कसला, तर गुलाबाचा. त्याने आभार मानले. साडेपाचला तो भर रस्त्यात उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला "तुम्ही कुठले?" असं विचारू लागला. लोक कुंडी बघायचे, तोंड बघायचे आणि पलीकडच्या फुटपाथवर जायचे.

शेवटी तो पोलीस चौकीत शिरला. यानेत तेचेरा नावाची हवालदारीणबाई पूर्वेकडच्या मेंढ्यांच्या मुलखातून महिन्यापूर्वीच बदलून आली होती.

"झाड नोंदलेलं आहे ना, आजोबा?"

"आहे."

"मग तक्रार काय?"

"वास येत नाही, अशी."

"लोक सहसा वास येतो म्हणून येतात."

"बाई, हात जोडतो. देठ चोळा आणि काय येतं ते सांगा. मी काही सुचवणार नाही."

तिने दाराकडे पाहिलं, चोळला, बोटं नाकाशी नेली.

"कोणीतरी संत्रं सोलतंय," ती म्हणाली. "छोटं, सैल सालीचं. थांबा, मागून मिरी येतेय. आणि तळाला काहीतरी इंजिनाचं. डिझेल?"

आदेमार तक्रारदारांच्या बाकावर बसला. वरती साल, मधे मिरी, खाली बोटीचं डिझेल. नीबिया याच क्रमाने सांगायची.

"लिहून द्या," तो म्हणाला. "शिक्क्यासकट."

चोरीचा फॉर्म होता, त्यावरच तिने लिहिलं.

सहाला पाच कमी असताना मिल्तोनने कागद दोनदा वाचला आणि शिक्क्यावरून अंगठा फिरवला. "नाकाचं काय, नाक कोणालाही असतं," तो म्हणाला. "हा सरकारी कागद आहे." आधीचा ठराव खोडला गेला, नवा पाच विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला, आणि वहीत नव्व्याण्णवाव्या ओळीत 'नीबिया' असं लिहिलं गेलं.

"सुटलास बाबा," ओरिबे म्हणाला. "चल, घोटभर घेऊ."

आदेमारने मान हलवली आणि रिकाम्या हातांनी चौकीकडे वळला.

"आता काय हरवलं?" हवालदारीणबाईंनी विचारलं.

"हात धुतलेत का?"

"नाही अजून. चिकट झालेत नुसते."

"मग एकदा परत हुंगून सांगा. सावकाश. परवा माझी बस आहे."

 ती खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली, बोटं नाकाशी नेली आणि सालीपासून सुरुवात केली. आदेमारने डोळे मिटून घेतले.