ओढ्यापलीकडे निघालेलं घर

हुल्डाबाईंचं घर निघालं तेव्हा आत चुलीवर कॉफी उकळत होती.

घर खरोखरच निघालं होतं. अमेरिकेत डाकोटातल्या एका विद्यापीठाला विटांचं ग्रंथालय हवं होतं आणि नेमकी त्याच जागी हुल्डा ब्रेके यांची लाकडी खाणावळ उभी होती. एलोफ नावाच्या स्वीडिश मुकादमानं घर उचलून ओंडक्यांवर ठेवलं आणि पुढे रोवलेल्या रहाटाला घोडा जुंपला. घोडा गोल फिरे, दोर गुंडाळला जाई आणि घर दिवसाला शंभरएक पावलं सरके. विद्यापीठातली पोरं रोज धुराडं शोधत न्याहारीला येत. "बाई, आज मुक्काम कुठं?"

अट एकच होती. सोमवारी पायाभरणीला गव्हर्नर येणार होते. तोवर घर ओढ्यापलीकडे गेलं नाही, तर विद्यापीठाचे अध्यक्ष ते असेल तिथं मोडून टाकणार होते.

शुक्रवारी दुपारी घर अडलं. एका बाजूला रसायनशाळेची भिंत, दुसऱ्या बाजूला शहाण्णव सालच्या तुकडीचं एल्मचं झाड. बाहेर पडणारी प्रत्येक तुकडी एक झाड लावून जाई, आणि त्या झाडाला हात लावायची अध्यक्षांचीही छाती नव्हती.

"नकाशात मधे तीस फूट आहेत," एलोफ म्हणाला, "इथं भरतात सव्वीस. घर व्हरांड्यासकट अठ्ठावीस फूट. झाड काय चालत आलं?"

"नकाशा वाचता येत नाही, हे आधी सांगायचं होतंस," अध्यक्षांचा कारकून म्हणाला. एलोफचा चेहरा लाल झाला.

लॅटिन शिकवणारे ऑरिन व्हिटकॉम्ब व्हरांड्यात पुस्तक मिटून बसले होते. वरची खोली बावीस वर्षं त्यांचीच होती, आणि व्हरांड्यातली ही खुर्चीही. झाड कसं चालत आलं, हे जगात त्या एकट्यांना ठाऊक होतं. बारा वर्षांपूर्वी वाचत चालताना ते झाडाची जागा दाखवणाऱ्या खुंटीला अडखळले होते. खुंटी उपटली गेली. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं, अंदाजानं ती परत रोवली आणि पुढचं पान उलटलं. दुसऱ्या दिवशी त्या खुंटीपाशी वाजतगाजत झाड लागलं. आता बोलावं, तर म्हातारपणी हसं होणार. गप्प राहावं, तर या भल्या माणसाच्या माथी खोटा ठपका.

ते उठले. "एलोफची चूक नाही. खुंटी... खुंटी मी हलवली होती." आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं.

 हुल्डाबाई आधी पदरचे पैसे खर्चावेत तसं जपून हसू लागल्या आणि शेवटी त्यांना डोळे पुसावे लागले. "बारा वर्षं पोटात ठेवलंत? अहो, माझ्या हातचं जेवण तरी कसं पचलं तुम्हाला?"

"घराचं काय करायचं, बाई?" एलोफनं विचारलं.

"व्हरांडा किती फुटांचा?" हुल्डाबाईंनी उलट विचारलं.

"सहा. पण तो प्राध्यापकसाहेबांचा..."

"म्हणूनच," व्हिटकॉम्ब म्हणाले. त्यांनी आपली खुर्ची स्वतः उचलून आत नेली. "काप."

करवत संध्याकाळपर्यंत चालली. शनिवारी घर झाडाजवळून सुखरूप गेलं, आणि रविवारी दुपारी ओढ्यापलीकडे टेकलं.

सोमवारी बँडचा आवाज ओढ्यावरून येत होता. व्हिटकॉम्ब पुस्तक काखेत धरून घराभोवती दोनदा फिरले. बसायला जागाच नव्हती. स्वयंपाकघराच्या दारात ते नेहमीसारखे थांबले. तो उंबरठा ओलांडायची कुठल्याच जेवणाऱ्याला मुभा नव्हती.

आत, चुलीशेजारी खिडकीपाशी, त्यांची खुर्ची मांडलेली होती.

"या की आत," हुल्डाबाई पीठ मळता मळता म्हणाल्या. "फक्त पायात काही आलं, तर उपटू नका. मला हाक मारा."